दहावी काच

इंदूरचं जुनं कुणी भेटलं आणि तुकोगंजातल्या आमच्या पहिल्या बिऱ्हाडाचा विषय निघाला, की समोरचा हमखास हसतो. म्हणतो, म्हणजे ते नाक मोजणारे? त्यांच्याकडे भाड्यानं होता तुम्ही? होय, होतो. चांगली चार वर्षं होतो. आणि ते बायकांची नाकं मोजत फिरायचे हेही खरं आहे. हातात शिंप्याची टेप घेऊन दारात उभे राहायचे आणि आतल्या बाईला सांगायचे की चुलीपुढे बसता तशा पाटावर बसा, पोळी उलटताना वाकता तशा वाका, आणि तुमचं नाक जमिनीपासून किती वर येतं तेवढं मला बघू द्या. एका सासूबाईंनी त्यांच्या अंगावर कळशीभर पाणी ओतलं होतं. ते ओल्या धोतरानं तसेच पुढच्या घरी गेले.

लोक हसतात, मला काही हसू येत नाही. मी त्या घरात राहायला गेले तेव्हा आमचे घरमालक, काका, नाकं मोजत नव्हते. तेव्हा ते फक्त धुराडी मोजायचे. नाकाचं खूळ त्यांच्या डोक्यात माझ्यामुळे शिरलं. कसं, ते मी आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

मध्यप्रदेश होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. राजधानी भोपाळला गेली याचा इंदूरकरांचा राग अजून उतरला नव्हता, आणि आमच्या ह्यांची बदली मात्र देवासहून इंदूरला झाली म्हणून आम्ही खुशीत होतो. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. तुकोगंजात दोन खोल्या मिळाल्या. घरमालक खाली, आम्ही वर. सामान लावून मी चूल पेटवली, पहिल्या दिवसाचा शिरा करायला घेतला, आणि एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात शिडी घेऊन शिरला. खोकला नाही, हाक नाही, काही नाही. धोतर, वर मिलमधला खाकी कोट, पायात खडावा, आणि तोंडात पेन्सिल. मी तर थिजलेच. हातातलं उलथनं तसंच धरून भिंतीला चिकटून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिडी चुलीच्या वरच्या पत्र्याच्या नळाला टेकवली, वर चढले, नळाच्या तोंडात हात घातला आणि कोटाच्या खिशातून पितळेचं एक कडं काढलं. त्या कड्यात आठ बारीक पाती होती. धुराबरोबर ती गरगर फिरायला लागली, तसे ते खूश होऊन मोठ्यानं आकडे म्हणायला लागले.

शिरा करपला. मी रडायच्या बेताला आले होते. खाली उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घाबरू नका बाई. तुमच्या नळाची ओढ ठीक आहे, पण उजव्या कोपऱ्यात हवा रेंगाळते. मी पत्रेवाल्याला पाठवतो." आणि गेले.

हे आमचे घरमालक. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले की भाडेचिठ्ठीत तसं कलम आहे, मालकास स्वयंपाकाचे वेळी हवा मोजू द्यावी, मी सही करून बसलोय. मी विचारलं की हे मला आधी सांगता येत नव्हतं? तर म्हणाले, मला वाटलं हवा मोजणं म्हणजे खिडक्या मोजणं असेल.

काकांचे आजोबा, पणजोबा संस्थानी नोकरीत होते, तलवारबिलवार. घरात एक भाला होता, त्याचा ते धुराड्यातली जळमटं काढायला उपयोग करायचे. स्वतः काका एका कापड गिरणीत होते, पिंजण खात्यात. तिथे कापसाची बारीक तूस हवेत उडते, ती ओढून बाहेर टाकायला मोठमोठे पत्र्याचे नळ असतात. त्यांना ते डक्ट म्हणायचे. त्या डक्टमधली हवा किती वेगानं जाते आणि तिच्यातून कचरा किती जातो, हे मोजायचं त्यांचं काम. पण नळ होते मोडके आणि मालकाला फिकीर नव्हती, तेव्हा व्हायचं तेच झालं. ऐन चाळिशीत छाती धरली, रक्त पडायला लागलं, आठ महिने अंथरुणावर होते. वाचतील असं कुणाला वाटलं नव्हतं. वाचले, पण गिरणीत परत गेले नाहीत. गिरणीनं भंगारात काढलेलं ते पितळी कडं तेवढं त्यांनी मागून आणलं, दुरुस्त केलं, आणि त्याला भिंगरी असं नाव दिलं. बरे झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःच्या स्वयंपाकघरात चुलीवर पत्र्याचं मोठं छत्र टाकून थेट गच्चीच्या वर सहा हात नळ काढला. म्हणाले, मी जे भोगलं ते घरातल्या बाईनं भोगायचं कारण नाही.

मग हळूहळू गावभरचे नळ त्यांचे झाले. कुणी बोलवायची गरज नव्हती.

त्यांची पद्धत मला पाठ आहे, कारण पुढे मीच त्यात अडकले. नळाच्या तोंडावर दोन उभे, दोन आडवे दोरे बांधायचे की नऊ चौकोन होतात. नऊही चौकोनांत भिंगरी धरायची, कारण हवा नळात सगळीकडे सारखी जात नाही. मधे पळते, कडेला रेंगाळते. मग नऊ काचपट्ट्यांना व्हॅसलीन फासून त्या एका तारेच्या जाळीत बसवायच्या आणि जाळी तासभर नळाच्या तोंडावर ठेवायची. काजळीचे कण चिकटतात. त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कण मोजायचे. मी इंटर सायन्स झालेली आहे हे कळलं त्या दिवसापासून कण मोजायचं काम माझ्याकडे आलं. विचारलं नाही बरं का, आलं. दुपारी जेवणं झाली की खालून हाक यायची, "भाभीजी, काचा तयार आहेत." इतके मोठे वयानं, पण मला भाभीजी म्हणायचे. मी कुरकुरत जायची. खरं सांगायचं तर मला आवडायचं. लग्न झाल्यावर कुणी माझ्या सायन्सची आठवण काढली असेल तर या एका माणसानं.

बोलणं त्यांचं ठरलेलं. जे मोजलं नाही ते झालं नाही, हे दिवसातून दहा वेळा. भाजीवाल्यालाही, भटजींनाही. दुसरं म्हणजे कळवून जायचं नाही. कोणत्याही घरी ते सांगून जायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, काका, बायका दचकतात हो. तर म्हणाले की कळवलं की बायका वाळकी लाकडं काढतात, फोडणी मंद करतात, साहेब येणार म्हणून चूल सारवतात, आणि मग मला मिळतो तो पाहुण्यासाठी केलेला धूर. तो खरा नाही. खरा धूर बघायचा असेल तर माणसानं चोरासारखं जावं.

हे वाक्य लक्षात ठेवा. 

राजेंद्रनगर तेव्हा नुकतं वसत होतं. तिथे एका ओळखीच्यांची वास्तुशांत होती, दाल-बाफल्यांचा बेत. बाफल्यांचे कणकेचे गोळे भाजायला स्वयंपाकघरात नळाखाली गोवऱ्यांचा जाळ केलेला. मंत्र चालू आहेत, यजमान होमापुढे बसलेत, आणि काका पंगतीतून गायब. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून किंकाळी आली. नळातून एक काळा हात खाली आला होता आणि त्या हातात भिंगरी फिरत होती. काका छपरावर पालथे पडून मोजत होते. भटजींचा मंत्र चुकला, एक म्हातारी बेशुद्ध पडायची राहिली. आमचे हे मला म्हणाले, चल, आपण यांना ओळखत नाही. पण त्याच संध्याकाळी काकांनी यजमानांना चिठ्ठी लिहून दिली की नळ दोन हात कमी आहे. त्यांनी तो वाढवला, आणि त्यांच्या आईचे डोळे गळायचे थांबले. ती बाई पुढे दर संक्रांतीला काकांकडे तिळगूळ घेऊन यायची.

एक हलवाई होता, त्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "भिया, ये धुएँ में क्या घुसेड़ रिये हो?" काकांनी त्यालाही चिठ्ठी दिली. त्याच्या काचा मोजताना मला रडू यायचं, इतक्या काळ्या. मोजणार काय, कोळसाच तो.

आणि सगळ्यांत स्वच्छ काचा कुणाच्या? काकांच्या स्वतःच्या घरच्या. दर गुरुवारी सकाळी दहाला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, ते गच्चीवर जायचे. भिंगरी नऊही चौकोनांत भरधाव फिरायची. मग काचा ठेवून खाली यायचे, ओसरीत चहा प्यायचे, तासानं काचा काढायचे. काचेवर कण जेमतेम आठ-दहा. चौदा वर्षांची वही होती, तिच्यात दर गुरुवारचा आकडा. आल्यागेल्याला ते ती वही दाखवायचे. म्हणायचे, ओढ इंदुरात अव्वल आणि धूर बिलकुल नाही, बायकोच्या हाताला असा गुण आहे की तिची चूल धूरच करत नाही.

काकू म्हणजे बारीक, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. कडक सोवळं. स्वयंपाक चालू असताना त्यांच्या चौकटीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, नवऱ्यानंही नाही. काका बाहेर इतके दांडगट, पण ही एक गोष्ट त्यांनी कधी मोडली नाही. काकूंना खोकला होता. मी आले तेव्हापासून होता, कोरडा, खोलवरून येणारा. काका म्हणायचे की थंड पाण्यात काम, दुसरं काय.

दुसऱ्या वर्षी श्रावणात काकूंकडे सवाष्ण जेवायची होती आणि त्यांचं अंग मोडून आलं होतं. त्यांनी मला मदतीला बोलावलं. मी न्हाऊन, सोवळं नेसून खाली गेले, आणि पहिल्यांदा त्या चौकटीच्या आत पाऊल टाकलं.

मला काही दिसेना. खरंच सांगते, डोळे उघडेचनात. घशात कुणी मुठीनं राख कोंबावी तसं झालं. डोळे पुसून बघितलं तर वरपासून माझ्या मांड्यांपर्यंत भिंती काळ्याकुट्ट, त्याखाली चुन्याची पांढरी, आणि मधे आखल्यासारखी रेघ. काकू पाटावर बसलेल्या, डोकं त्या काळ्यात. चुलीवर तो सुप्रसिद्ध नळ होता, त्याच्या झडपेची साखळी ओढून भिंतीतल्या खुंटीला पक्की अडकवलेली. म्हणजे झडप बंद. धूर जायला वाटच नव्हती.

मी म्हटलं, काकू, झडप बंद राहिली. आणि साखळीला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी कुणाला जवळ फिरकू न देणाऱ्या बाईनं मला आपणहून हात लावला, यावरूनच मी समजले की काहीतरी भलतंच आहे. त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. देव्हाऱ्यात एक नंदादीप होता, छोटासा, समईच्या वातीचा. झडप उघडली की नळ खिडकीतून वारा ओढतो, म्हणाल्या, आणि दिवा फडफडतो. दोनदा विझता विझता राहिला. हे आजारी होते तेव्हा लावलाय मी तो. जोवर तो आहे तोवर हे आहेत.

 त्याच वेळी बाहेर जिन्यावर खडावा वाजल्या. गुरुवार होता. काकूंनी सवयीच्या हातानं साखळी खुंटीवरून सोडली आणि पदरानं दिव्याला आडोसा करून बसल्या. धूर सूंऽऽ करून वर गेला. मिनिटाभरात खोली स्वच्छ. गच्चीवर भिंगरी फिरत असणार, आकडे लिहिले जात असणार. खडावा पुन्हा खाली उतरल्या, तशी साखळी पुन्हा खुंटीला. आणि वर तासभर काचा रिकाम्या हवेत बसून राहिल्या.

चौदा वर्षं! मी हादरले म्हणजे किती हादरले ते कसं सांगू. गावभर चोरासारखा जाणारा हा माणूस स्वतःच्या घरात खडावा वाजवत जात होता. आणि जो दुसऱ्याच्या काचेवरचा एकेक कण मोजायचा, त्याला एवढं कळू नये की चूल पेटलेली असताना नळातली काच स्वच्छ निघाली तर धूर गेला कुठे? पण मला तरी कुठे कळलं होतं? वर्षभर मीच मोजत होते ना त्या काचा. मलाही वाटायचं, वा, काकू किती नीटस. लाज वाटली मला माझ्या इंटर सायन्सची.

काकूंनी मला त्या दिव्याची शपथ घातली की ह्यांना एक शब्द बोलायचा नाही. ते हसतील, म्हणाल्या, आणि विझवतील. मी तेवीस वर्षांची होते. शपथ घेतली.

त्या पावसाळ्यात काकूंचा खोकला वाढला. जिना चढता येईना. उभ्या उभ्या कपडे वाळत घालायच्या तरी धाप लागायची. काका घाबरले आणि गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे घेऊन गेले. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी गेले. डॉक्टरांनी नळी लावली, पाठ ठोकली, बराच वेळ ऐकलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला की या कुठल्या गिरणीत कामाला आहेत का? काका म्हणाले नाही, घरीच असतात. मग घरात फार धूर असेल, डॉक्टर म्हणाले. आणि काकांनी, देवा रे, कोटाच्या आतून ती वही काढली. उघडून डॉक्टरांपुढे ठेवली. चौदा वर्षांचे गुरुवार. म्हणाले, डॉक्टरसाहेब, धुराचं नावच काढू नका, हे आकडे बघा. डॉक्टर बिचारे वाचत राहिले. इतकी नीट वही बघितल्यावर कोण शंका घेणार? धूर नाही ना, मग थंडीच असेल, म्हणाले, आणि छातीला लावायचं मलम आणि टॉनिक लिहून दिलं.

मी काकूंच्या शेजारी बसले होते. तोंड उघडलं होतं मी. काकूंनी माझी बोटं इतकी आवळली की बांगडी रुतली. मी गप्प बसले. घरी आले आणि ह्यांच्यावर उगाच डाफरले. रात्री जेवले नाही. दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती मला. एकानं बायकोच्या छातीसाठी नळ बांधला, दुसरीनं नवऱ्याच्या छातीसाठी तो बुजवला, आणि मधल्या मधे मी शपथ घेऊन बसलेली! हे म्हणाले, आपण भाडेकरू, आपल्याला काय करायचंय. मी म्हटलं, काकू मरतील. 

पुढच्या गुरुवारी सकाळी पूजेची फुलं द्यायच्या निमित्तानं मी काकूंच्या चौकटीशी गेले. जाताना सोवळ्यातच होते. माझ्या ओच्यात एक काचपट्टी होती, व्हॅसलीन लावलेली. काकू कणकेसाठी पाणी घ्यायला वळल्या, तशी मी ती त्यांच्या पाटाजवळच्या भिंतीला कणकेच्या गोळीनं चिकटवली, बसल्यावर त्यांचं तोंड येतं त्या उंचीला. तासाभरानं फुलांची परडी विसरले म्हणून परत गेले आणि काढून आणली. शपथ बोलायची नाही अशी होती. मी बोलले नाही.

दुपारी काकांनी नेहमीच्या नऊ काचा माझ्यापुढे ठेवल्या. मी नऊ मोजल्या. मग दहावी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि म्हटलं, ही मला जमत नाही, तुम्हीच मोजा. काका वाकले. बघता बघता त्यांची पाठ ताठ झाली.

"ही हलवायाची का?"

"नाही."

"गिरणीतली कुणी आणून दिली? नाही, ही तूस नाही, काजळी आहे. अशा हवेत माणूस असतो?"

"असतो."

"किती वेळ?"

"सकाळी चार तास. संध्याकाळी तीन."

"किती दिवस झाले?"

"चौदा वर्षं."

त्यांनी डोळा काचेवरून उचलला नव्हता. तसेच वाकलेले राहून त्यांनी विचारलं, "कोण आहे तो?"

 मधल्या खोलीत पडलेल्या काकूंना तेवढ्यात उबळ आली. बराच वेळ चालली ती. काका ऐकत राहिले. त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. उठले आणि जिना चढून वर आले आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी काकांनी खडावा ओसरीत काढून ठेवल्या. जिन्यातून मी बघत होते. अनवाणी चालत स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेले, क्षणभर थांबले, आणि आत गेले. मी खाली उतरून चौकटीशी आले. काकू ओरडल्या, सोवळं, सोवळं! मग त्यांचा हात साखळीकडे गेला. काका म्हणाले, "राहू दे. रोज असतं तसंच राहू दे."

आणि खाली जमिनीवर तिच्या पाटाशेजारी बसले. भात होईपर्यंत बसले. पिंजण खात्यात जळलेली छाती त्यांची, पाच मिनिटांत खोकून खोकून लाल झाले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. काकू रडत होत्या, उठा म्हणत होत्या, साखळी सोडू द्या म्हणत होत्या. ते हलले नाहीत. भात उतरल्यावर विचारलं, का? काकूंनी दिव्याकडे बोट केलं. सांगितलं सगळं. मला वाटलं, आता हा माणूस हसणार. किंवा उठून दिवा विझवणार.

ते उठले आणि ओसरीतला कंदील घेऊन आले. त्याची काच काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खाली दोन खापऱ्या लावून दिव्यावर उभी ठेवली. मग साखळी खुंटीवरून सोडली. नळानं ओढ घेतली, खिडकीतून वारा आला, काकूंनी डोळे मिटून घेतले. ज्योत काचेत हललीसुद्धा नाही.

पाच मिनिटंही लागली नाहीत हो या सगळ्याला. घरात कंदील चार होते. एकानं विचारलं असतं, नाहीतर दुसरीनं सांगितलं असतं.

काकू माझ्याशी दीड महिना बोलल्या नाहीत. काकांनी वही काढली आणि स्वतःच्या घरचा प्रत्येक गुरुवार लाल पेन्सिलीनं खोडला, एकेक करून. तीन दिवस लागले त्यांना. मग टेप घेतली आणि ज्या ज्या घरी चिठ्ठ्या दिल्या होत्या त्या सगळ्या घरी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी नळाकडे बघितलंच नाही. पाटावर बसा, म्हणायचे, नाक कुठे येतं ते दाखवा, मला काच तिथे लावायची आहे. मी चौदा वर्षं चुकीच्या जागी मोजलं, असं प्रत्येक दारात सांगायचे. त्यावर लोक हसले, पाणी ओतलं, आणि त्यांचं ते नाव पडलं.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आम्ही. काकांनी या वेळी वही नेली नाही, दहावी काच नेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाले की आता वाढणार नाही, पण गेलेलं परत येणार नाही. काकू त्यानंतर तीन वर्षं होत्या. त्यांना चुलीपुढे बसायची मनाई होती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यांना चालत नव्हतं. मग रोज सकाळी काका न्हाऊन, मुकटा नेसून पाटावर बसायचे आणि काकू दारात खुर्चीवर बसून सांगायच्या, आता मीठ, आता झाकण. तुकोगंजात पुरुषमाणूस सोवळ्यानं चुलीपुढे बसतो म्हणून बायका बघायला यायच्या. पोळ्या भयंकर व्हायच्या. काकू मुकाट्यानं खायच्या.

एकदा मी भाजी निवडत काकूंजवळ बसले होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नको म्हटलं म्हणून हा माणूस इतकी वर्षं आत आला नाही गं. गावात कुणाचं ऐकत नाही, माझं तेवढं ऐकलं."  मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तर म्हणाल्या, सोवळं आहे माझं, दूर हो.

आमची पुढे बदली झाली. काकू गेल्याचं पत्रानं कळलं. दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी मी इंदूरला आले तेव्हा मुद्दाम तुकोगंजात गेले. घरात गॅस आला होता, नळाची ओढ बघायला आता कुणी येत नव्हतं. सगळीकडे चुना लावणं चाललं होतं. काका स्वयंपाकघरात उभे राहून रंगाऱ्याला सांगत होते, आणि देव्हाऱ्यात कंदिलाच्या काचेआड दिवा चालू होता. मी दिव्याकडे बघितलेलं त्यांनी पाहिलं. म्हणाले, तेल मीच घालतो, तिनं सांगून ठेवलंय.

भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. फक्त चुलीच्या जागेशेजारी एक चौकोन तसाच सोडला होता, हातभर रुंद, वर काळा, खाली पांढरा. काळ्यात, कडेपासून चार बोटं वर, खडूची एक आडवी रेघ होती.

रंगारी कंटाळला होता. त्यानं मला विचारलं, "भाभीजी, ये इत्ता सा क्यों छुड़वा रिये हैं?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी टेप काढली, जमिनीपासून रेघेपर्यंत धरली, आकडा बघितला आणि टेप परत खिशात ठेवली.

"तिथे ही बसायची," ते रंगाऱ्याला म्हणाले. "भिंतीनं मोजून ठेवलं होतं. मीच वाचलं नाही."